पालेकिराइतातलं अँड्रोग्राफोलाइड रक्तवाहिनीच्या पेशीत नेमकं काय करतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पालेकिराइतातल्या (म्हणजे कालमेघातल्या) अँड्रोग्राफोलाइड या रेणूमुळे रक्तवाहिनीच्या पेशींमधला दाह कमी होतो असं तुम्ही वाचलंत. तर तो कमी होतो म्हणजे पेशीच्या आत काय घडतं, हा पहिला. वडिलांना स्टेंट बसवलेला आहे, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, मग त्यांना याच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: करू नयेत. पण त्याचं कारण ‘हे सगळं थोतांड आहे’ असं मुळीच नाही. या रेणूमागचं विज्ञान पक्कं आहे आणि मला ते फार आवडतं. ते नीट कळलं की कॅप्सूल का नकोत हेही कळतं, म्हणून सविस्तर लिहितो. रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणं आणि त्यांच्यावर असे रेणू तपासणं हेच माझं काम आहे.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. बराच काळ तो निव्वळ अस्तर समजला जात होता. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं की ॲसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर धमनी सैल होते ती या थरामुळेच. थर खरवडून काढला की सैल होणं थांबतं. पेशींमधून सुटणारा तो सैल करणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल त्याला मिळालं. निरोगी एंडोथेलियम सतत थोडं थोडं नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं आणि त्याच्यावरून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी न चिकटता पुढे जातात.

दाह सुरू झाला की हे चित्र काही तासांत पालटतं. प्रयोगशाळेत आम्ही बहुतेक वेळा नाळेच्या शिरेतून काढलेल्या पेशी वापरतो आणि त्यांच्यावर टीएनएफ हे साइटोकाइन, म्हणजे दाहाचा संदेश देणारं प्रथिन, घालतो. शांत पेशीच्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिन नावाचं प्रथिन जवळपास नसतंच. टीएनएफ दिल्यावर चार ते सहा तासांत ते भरपूर दिसू लागतं आणि नंतर ओसरतं. व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ ही प्रथिनं जरा उशिरा वाढतात, पण जास्त वेळ टिकतात. कामाची वाटणी अशी: ई-सिलेक्टिन वाहत्या पांढऱ्या पेशीला धरून तिचा वेग कमी करतं, ती पृष्ठभागावर लोळत लोळत जाऊ लागते, मग व्हीकॅम आणि आयकॅम तिला घट्ट धरतात आणि ती दोन पेशींच्या फटीतून भिंतीत शिरते. धमनीच्या भिंतीत आधीच एलडीएल कोलेस्टेरॉल साठलेलं असेल तर आत शिरलेल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ते गिळत बसतात, चरबीने फुगतात आणि तिथेच राहतात. अडथळ्याची, म्हणजे प्लाकची, सुरुवात ही. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या सशांमध्ये व्हीकॅम-१ नेमकं या जागांवर उगवतं, हे मायरन सायबुल्स्की आणि मायकेल जिमब्रोन यांनी १९९१ मध्ये दाखवलं. धमनीला फाटे फुटतात तिथे रक्ताचा प्रवाह घोटाळतो, आणि प्लाक जास्त करून तिथेच बनतो.

थोडक्यात, रक्तवाहिनीच्या पेशीतला दाह म्हणजे पेशीने ही चिकट प्रथिनं बनवायला घेणं. कुठलाही रेणू ‘दाह कमी करतो’ असं आम्ही म्हणतो तेव्हा बहुधा हीच प्रथिनं मोजलेली असतात.

पेशी ती बनवायला घेते कोणाच्या सांगण्यावरून? इथे मुख्य पात्र आहे एनएफ-कप्पा-बी. हे १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडलं. सर्वांत नेहमीच्या रूपात ही दोन प्रथिनांची जोडी असते: पी५० आणि पी६५. शांत पेशीत ही जोडी केंद्रकाच्या बाहेर अडकवून ठेवलेली असते आणि तिला अडकवून ठेवणारं प्रथिन म्हणजे आय-कप्पा-बी. टीएनएफचा संदेश आला की आयकेके नावाचं एन्झाइम आय-कप्पा-बीवर फॉस्फेट लावतं, त्या खुणेमुळे आय-कप्पा-बीचे तुकडे होतात, जोडी मोकळी होऊन केंद्रकात जाते, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसते आणि ई-सिलेक्टिन, व्हीकॅम, आयकॅमची जनुकं चालू होतात. यात एक सुंदर गोष्ट अशी की चालू होणाऱ्या जनुकांमध्ये आय-कप्पा-बीचं स्वतःचं जनुकही असतं. म्हणजे संदेश आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जवळपास नाहीसं झालेलं आय-कप्पा-बी तासा-दीड तासात पुन्हा बनतं आणि जोडीला आवरतं.

आता अँड्रोग्राफोलाइड. पालेकिराईत म्हणजेच कालमेघ, ‘अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा’. त्याच्या पानांचा जबरदस्त कडूपणा मुख्यतः या गटातल्या रेणूंचा. (काडेकिराईत ही वेगळी वनस्पती आहे, तिच्यात अँड्रोग्राफोलाइड नसतं, बाजारात दोन्हींची सरमिसळ होते, एवढं लक्षात असू द्या.) रेणू लहान आहे, रेणुभार सुमारे ३५०. त्याच्या एका टोकाला पाच अणूंचं लॅक्टोनचं वलय आहे आणि त्या वलयाला लागून एक दुहेरी बंध. हा दुहेरी बंध गंधक असलेल्या गटाशी, म्हणजे प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी, थेट रासायनिक बंध तयार करतो. बहुतेक औषधं आपल्या प्रथिनावर बसतात आणि उठून जातात. हा रेणू बसला की चिकटूनच राहतो.

कुठे चिकटतो? पी५० च्या ६२ व्या जागी असलेल्या सिस्टीनला. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून पुढे आलं आणि ते काम एंडोथेलियल पेशींवरच झालं होतं. ६२ वा सिस्टीन हा पी५० च्या त्या भागात आहे जो डीएनएला टेकतो. त्याचा गंधक मोकळा असेल तरच पी५० डीएनएला नीट धरू शकतं. त्यावर ३५० भाराचा रेणू कायमचा बसला की पी५० जागच्या जागी असतं, पण त्याला डीएनए धरता येत नाही.

हे वाचून बारकावा हातून निसटू शकतो, म्हणून प्रयोगाच्या टेबलावर ते कसं दिसतं ते सांगतो. समजा तुम्ही पेशींना आधी अँड्रोग्राफोलाइड दिलं, मग टीएनएफ दिलं आणि ठरावीक मिनिटांनी पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी, केला. आय-कप्पा-बीची पट्टी पंधरा मिनिटांना फिकट झालेली दिसते, औषध न दिलेल्या पेशींसारखीच. केंद्रकातलं पी६५ तपासलं तर तेही आत पोचलेलं. मायक्रोस्कोपखाली रंगवून पाहिलं तरी पी६५ केंद्रकात चमकत असतं. इथवर पाहणारा कोणीही म्हणेल की औषध निरुपयोगी आहे. पण त्याच केंद्रकातला अर्क घेऊन त्यात खूण लावलेला डीएनएचा तुकडा घातला आणि जेलवर चालवला, तर डीएनए आणि एनएफ-कप्पा-बी मिळून जी जाड पट्टी दिसायला हवी ती पुसट होते. आणि चार तासांनी पेशीच्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिन मोजलं तर तेही कमी. संदेश आला, मधले सगळे टप्पे पार पडले, आणि काम अगदी शेवटच्या टप्प्यावर थांबलं. म्हणून असा शोधनिबंध वाचताना दाह कमी झाला की नाही यापेक्षा मी आधी हे पाहतो की मोजमाप कोणत्या टप्प्यावर घेतलं आहे. वेगवेगळ्या वनस्पतींचे रेणू वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात. फिव्हरफ्यू या वनस्पतीतल्या पार्थेनोलाइडचं उदाहरण घ्या: तेही सिस्टीनलाच चिकटतं, पण आयकेकेच्या १७९ व्या जागच्या, म्हणजे साखळीत बरंच आधी. तिथे आय-कप्पा-बी तुटतच नाही.

अँड्रोग्राफोलाइडवरच्या २००४ च्या त्या कामात वाहत्या प्रवाहातलाही प्रयोग होता, आणि माझ्या मते खरी किंमत त्याची. स्थिर बशीत पांढऱ्या पेशी नुसत्या गुरुत्वाकर्षणानेही खाली बसतात, त्यामुळे तिथलं चिकटणं फसवं असतं. काचेच्या पट्टीवर एंडोथेलियल पेशींचा थर वाढवून त्यावरून द्रव वाहवला आणि त्यात पांढऱ्या पेशी सोडल्या, की टीएनएफ दिलेल्या थरावर त्या डोळ्यांदेखत मंदावतात, लोळतात, काही थांबतात. अँड्रोग्राफोलाइड दिलेल्या थरावरून बहुतेक तशाच पुढे वाहून जातात. रक्तवाहिनीत जे घडायला हवं त्याच्या जवळ जाणारं बशीतलं मोजमाप हेच.

सगळ्या प्रयोगशाळांचं मात्र एकमत नाही. काहींना आय-कप्पा-बी तुटणंही कमी झालेलं दिसलं. काहींना दिसलं की अँड्रोग्राफोलाइडमुळे एनआरएफ-२ नावाचं दुसरंच प्रथिन जागं होतं, त्यामुळे हीम ऑक्सिजनेज-१ हे संरक्षक एन्झाइम वाढतं, आणि आयकॅम-१ कमी होण्यात त्याचा वाटा मोठा आहे. मला यात विरोधाभास वाटत नाही. एनआरएफ-२ ला बांधून ठेवणारं कीप-१ हे प्रथिन सिस्टीनने भरलेलं आहे आणि सिस्टीन शोधणारा रेणू तिथेही जाणारच. वेळेचा फरकही पाहावा लागतो: टीएनएफच्या तासभर आधी औषध दिलं तर थेट चिकटण्याचा परिणाम दिसतो, सोळा तास आधी दिलं तर तोवर पेशीने नवी संरक्षक प्रथिनं बनवलेली असतात आणि आपण वेगळीच गोष्ट मोजत असतो. दोन्ही प्रयोगांची मथळ्यातली ओळ एकच असते.

सिस्टीनला चिकटणाऱ्या रेणूंबद्दल औषधशोधातल्या लोकांना कायम शंका असते, आणि ती रास्त आहे. पेशीत हजारो प्रथिनांना सिस्टीन आहे. त्यातलं एकच धरलं आणि बाकीची सोडली, असं सहसा होत नाही. म्हणून मात्रा वाढवत नेली की याच रेणूने एंडोथेलियल पेशी मरू लागतात, आणि मेलेली पेशीही व्हीकॅम बनवत नाही! पेशी जिवंत असल्याचा पुरावा त्याच मात्रेला आणि तितक्याच वेळेला दाखवलेला नसेल तर तो आलेख मी मनातून वजा करतो. शुद्ध रेणूऐवजी झाडाचा अर्क वापरला असेल तर आणखी दोन गोष्टी पाहतो. अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष आलेलं असू शकतं, आणि ते स्वतःच एनएफ-कप्पा-बी पेटवतं. शिवाय अर्कातले काही घटक पेशींच्या जिवंतपणाच्या रंग-चाचणीत पेशी नसतानाही रंग आणतात. रेणू विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक तुलनेच्या पेशींनाही तेवढंच दिलं होतं का, हे तर पाहायचंच.

आता मात्रेकडे येतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलेलं आहे. पेशींवरच्या प्रयोगांत अँड्रोग्राफोलाइड साधारण ५ ते ५० मायक्रोमोलर (द्रवात रेणू किती दाट आहे याचं माप) वापरतात. माणसांमध्ये सुमारे २० मिलिग्रॅम अँड्रोग्राफोलाइड असलेला प्रमाणित अर्क तोंडाने दिला तेव्हा रक्तातली सर्वोच्च पातळी १ मायक्रोमोलरच्या जरा वर गेली, तीही दीड-दोन तासांनी, आणि मग उतरत गेली. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग रक्तातल्या प्रथिनांना बांधलेला. म्हणजे मोकळा रेणू अर्ध्या मायक्रोमोलरच्या आसपास.

मग मात्रा दहापट करावी का? इथे बशी आणि शरीर यांतला मोठा फरक आडवा येतो. बशीतल्या द्रवात २ ते १० टक्के सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, असतं. शरीरात एंडोथेलियम पूर्ण रक्ताला भिडलेलं असतं, आणि त्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे ६०० मायक्रोमोलर असतं. अल्ब्युमिनच्या ३४ व्या जागी एक सिस्टीन आहे आणि त्याचा गंधक बऱ्याच रेणूंत मोकळा असतो. सिस्टीन शोधणाऱ्या रेणूला पेशीत शिरण्याआधी एवढी गर्दी पार करायची आहे. आत शिरल्यावर ग्लुटाथायोन, तेही गंधकवालं आणि मिलिमोलरमध्ये, म्हणजे औषधाच्या शेकडो पट. त्याआधी आतड्याच्या पेशी शोषलेला बराच भाग परत बाहेर फेकतात आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतं. बशीत पी५० पर्यंत सहज पोचलेला रेणू शरीरात तिथवर किती पोचेल हे नुसतं मात्रा वाढवून सुटणारं गणित नाही. मात्रा वाढवण्याचा एक प्रयत्न झालाही आहे: एचआयव्ही बाधित आणि निरोगी स्वयंसेवकांना शरीराच्या वजनाच्या किलोला ५ आणि नंतर १० मिलिग्रॅम असं देत गेले, पण दुष्परिणामांमुळे, ज्यात एकाला तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया होती, तो अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला. पालेकिराइताच्या उत्पादनांमुळे होणाऱ्या ॲनाफिलॅक्सिसबद्दल (जीवघेण्या ॲलर्जीबद्दल) ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामक संस्थेनेही २०१५ मध्ये इशारा दिला होता.

एवढं वाचून असं वाटू देऊ नका की रक्तवाहिनीतला दाह कमी करून माणसाला फायदा होतच नाही. होतो, आणि हे अलीकडच्या काळातलं हृदयरोगातलं मोठं काम आहे. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांना इंटरल्युकिन-१ बीटा या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणारं इंजेक्शन किंवा प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) दिलं गेलं. कोलेस्टेरॉलला हात न लावता, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेला हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. पण जीवघेणे संसर्ग वाढले. एनएफ-कप्पा-बी आणि त्याच्या मागेपुढे असलेल्या साखळ्या जंतूंशी लढायलाच तयार झालेल्या आहेत. त्या दाबल्या तर ही किंमत कुठे ना कुठे द्यावी लागते.

आणि वनस्पतीतून आलेल्या एका रेणूने हा सगळा रस्ता पार केलेला आहे: कोल्चिसिन. तो ‘कोल्चिकम ऑटमनाले’ या झाडात आणि आपल्या ओळखीच्या कळलावीतही असतो. कोल्चिसिनचं काम सर्वस्वी वेगळं. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला बांधतं, त्यामुळे पेशीच्या आतली सूक्ष्मनलिकांची रचना होत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, आणि एंडोथेलियल पेशीच्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिनची मांडणीच बिघडते. हे शेवटचं १९९५ पासून माहीत आहे. २०१९ मध्ये ‘कोलकॉट’ चाचणीत हार्ट अटॅकनंतर ३० दिवसांच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम दिलेल्यांमध्ये धोका २३ टक्क्यांनी कमी आढळला. २०२० मध्ये ‘लोडोको-२’ मध्ये जुन्या, स्थिर हृदयरोग्यांत ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या मात्रेला हृदयासाठी मान्यता दिली. मग २०२४ मध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘क्लिअर’ चाचणीत हार्ट अटॅकनंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसलाच नाही. हजारो रुग्णांवर पारखलेल्या रेणूचीही ही स्थिती आहे. आणि कोल्चिसिन म्हणजे कळलावी असा सोयीचा अर्थ कृपया कोणी काढू नये: कळलावीचा कंद जीवघेणा विषारी आहे, आणि शुद्ध गोळीसुद्धा मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर घातक ठरू शकते.

तुमच्या वडिलांपुरतं बोलायचं तर अँड्रोग्राफोलाइडची अशी, म्हणजे हार्ट अटॅक किंवा मृत्यू मोजणारी, मोठी चाचणी आधाराला नाही. उलट चिंतेची कारणं आहेत. प्रयोगशाळेत ते प्लेटलेट्सना एकत्र येऊ देत नाही. शरीरात हेच झालं तर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांवर तिसरा परिणाम चढेल आणि रक्तस्रावाचा धोका वाढेल. त्याचा अर्क यकृतातली औषधं पचवणारी काही एन्झाइम्सही रोखतो, आणि काही स्टॅटिन त्याच एन्झाइम्सवर अवलंबून असतात. हे सगळं बशीतलं आहे हे खरं, पण फायदा सिद्ध नसताना धोक्याची एवढी शक्यताही स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत मला जास्त वाटते. कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील तर हृदयरोगतज्ज्ञांना तसं सांगा, लपवू नका.

शेवटी, तुम्ही ज्यासाठी धडपडत आहात ते काम करणारी एक गोळी वडील आधीच घेत आहेत. स्टॅटिनचा पहिला रेणू अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून काढला. एंडोथेलियल पेशींवर घातलं तर स्टॅटिन केएलएफ-२ नावाचं प्रथिन वाढवतं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढवतं आणि चिकट प्रथिनं कमी करतं. यातला किती परिणाम माणसांत थेट होतो आणि किती एलडीएल उतरल्यामुळे, यावर वाद चालू आहे. पण २००८ च्या ‘जुपिटर’ चाचणीत रोसुव्हास्टॅटिनमुळे एलडीएल ५० टक्क्यांनी आणि दाह दाखवणारं सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि ते माणसांच्या रक्तात मोजलेलं आहे. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना वडिलांचा एलडीएलचा रिपोर्ट न्या. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे स्टेंट बसवलेल्या माणसाचं एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं. ते वर असेल तर स्टॅटिनची मात्रा वाढवायची की जोडीला एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा.